पिवळ्या फडक्यामागे

शनिवार, ता. २

ताईचा फोन आला. ताई फोनवर ख्यालीखुशाली विचारत नाही, निर्णय कळवते. ती तीर्थाची लांब वाट चालणार आहे. चौतीस दिवस, डोंगर ओलांडून थेट समुद्राकाठच्या देवस्थानापर्यंत. आणि मी तिच्याबरोबर जाणार आहे. हे दुसरं वाक्यही तिने पहिल्याच सुरात सांगून टाकलं.

"पण मीच का?"

"तू उंच आहेस, रुंद आहेस आणि सावकाश चालतोस. आणखी काय लागतं?"

बावन्नाव्या वर्षी आपल्या गुणांची यादी ऐकायला मिळाली ती अशी. मी संस्कृत घेऊन एम. ए. झालो, वीस वर्षं दर पंधरवड्याला वर्तमानपत्रात वार्तापत्र लिहितो, चार लोक ते वाचतात, यातलं काहीही त्या यादीत नव्हतं.

ताई माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. एकतीस वर्षं गिरणीत कापड तपासायचं काम केलं. समोरच्या उतरत्या टेबलावरून कापड सरकत जायचं आणि चाळीस मीटरमध्ये एक धागा तुटलेला असला, तरी ताईच्या खडूची खूण नेमकी तिथे पडायची. दोन वर्षांपूर्वी मुदतीआधीच तिने काम सोडलं. "कंटाळा आला," म्हणाली. ताईला कंटाळाही येतो, हे मला तेव्हा प्रथम कळलं.

विचार करून सांगतो, असं मी म्हणालो.

"कर की विचार," ताई म्हणाली. "एकोणीसला निघायचंय."

गुरुवार, ता. ७

माझी सगळी भिस्त बायकोच्या विरोधावर होती. ती म्हणाली, "जा."

"अगं, चौतीस दिवस!"

"जा म्हटलं ना. आणि हे बघा, ताईंना एकटं सोडायचं नाही. कुठेही."

"वाट चुकेल म्हणून?"

"वाट तुम्ही शोधणार? तुम्हाला डोळ्यांसमोरच्या फळीवरचा साखरेचा डबा दिसत नाही अहो."

"मग माझा उपयोग काय?"

यावर ती कपडे वाळत घालायला निघून गेली. हल्ली या नणंदा-भावजयांचं फोनवर तास तास चालतं. मी खोलीत आलो की विषय बदलतो. माझ्या पोटाच्या घेराबद्दल असणार.

ताईने दुरुस्तीला नेलेला माझा पांढरा सदरा परत पाठवला. तीन बटणं लावली आहेत, दोन पांढऱ्या दोऱ्याने, तिसरं गडद निळ्या. फोन करून विचारलं, "ही फॅशन म्हणायची की टोमणा?"

ताईने आधी कोणतं बटण ते विचारलं. मग म्हणाली, "फॅशन."

काही केल्या मन थाऱ्यावर नाही. वार्तापत्र अर्धं लिहून ठेवलं, उठलो, बसलो, परत उठलो. चौतीस दिवस एकाच माणसाबरोबर! आणि ते माणूस ताई!

रविवार, ता. १७

ताई काल मुक्कामाला आली. येताना एक भडक पिवळं फडकं घेऊन आली, पंचाएवढं. ते माझ्या पाठपिशवीला मागच्या बाजूने बांधायचं आहे.

"ताई, मी वार्ताहर आहे. रस्त्याचं काम चालू असल्याची पाटी नाही."

"बांध."

बांधलं.

माझ्या बहिणीबद्दल दोन निरीक्षणं नोंदवून ठेवतो, कारण वार्ताहराची नजर सुट्टीवर जात नसते. एक, ताईच्या रीतीभाती घसरल्या आहेत. आज तिने चहा ओतला तो कपाच्या आत बोट अडकवून. लहानपणी ताटाच्या काठावर बोट टेकलं तरी हीच बाई माझ्या हातावर फटका मारायची. दुसरं म्हणजे बोलताना ती आता माझ्या तोंडाकडे बघत नाही, डाव्या कानापलीकडे बघते. माझ्यामागे माझ्यापेक्षा शहाणं माणूस उभं असावं असं. एकदा मी मान वळवून पाहिलं. भिंत होती.

मैदानाला तीन फेऱ्या मारून सराव केला. चौथ्या फेरीला नैतिक आधार मिळेना.

मंगळवार, ता. १९. पहिला दिवस. पहाटे साडेपाच, पायथ्याचा पथिकाश्रम

झोप लागली नाही. पायात बूट घालून सव्वाचारपासून बसून आहे.

इथे प्रत्येकाला एक जाड कार्ड मिळतं. प्रत्येक मुक्कामी त्यावर ठसा उमटवतात, शाईचा नव्हे, लोखंडी चिमट्यात दाबून उठवलेला. ताईने आपल्या ठशावरून बराच वेळ बोट फिरवलं. "खोल बसलाय," म्हणाली. कापडवाल्या माणसाचा हात निवृत्त होत नाही हेच खरं.

फाटकापाशी सूचनांची पाटी आहे. "वाच रे जरा मोठ्याने," ताई म्हणाली.

"तुझा चष्मा?"

"पिशवीत तळाशी गेलाय."

वाचली. आजचं अंतर बावीस किलोमीटर, त्यातला आठाचा चढ. दगडांवर आणि झाडांवर तळहाताएवढा पांढरा पट्टा दिसेल तिकडे चालायचं. फाटा आला की ज्या बाजूला दोन पट्टे ती बाजू धरायची. मध्ये मुक्कामाची सोय नाही. ताईने ते सगळं मला पुन्हा एकदा वाचायला लावलं आणि ओठांत घोकलं.

मग म्हणाली, "तू पुढे हो. मी मागे."

उभ्या आयुष्यात ताईने मला पुढचा मान दिल्याचं हे पहिलं उदाहरण. तारीख-वेळेसह नोंद केली आहे.

सकाळी साडेनऊ, चढावर

चढाला संस्कृतात 'आरोहण' म्हणतात. दोन अक्षरांच्या चढाला दुप्पट लांबीचा शब्द शोधणाऱ्याने बहुधा हा डोंगर पाहिला असावा. वाट संपते असं वाटतं, वळण येतं, आणि वळणामागे तीच वाट आणखी उभी होऊन आपली वाट बघत असते. डाव्या टाचेत काहीतरी चुरचुरतंय. उजव्या गुडघ्यात कोणीतरी बिजागरी हलवतंय.

धीर यावा म्हणून मी एक सुभाषित सुरू केलं. मागून ताई म्हणाली, "शास्त्रीबुवा, चढावर संस्कृत नको. श्वास पायांना लागतो."

तीनदा विचारलं तिला, थांबायचं का. तिन्ही वेळा "नाही". एकसष्टाव्या वर्षी ही बाई माझ्या पाठीमागे चार पावलांवर येते आहे, ना तीन, ना पाच. मी थांबलो की थांबते. मी डावीकडून गेलो की डावीकडून. कौतुकच वाटलं असतं, पण पाठीला डोळे चिकटल्यासारखं वाटतं आणि धड रमतगमत चालताही येत नाही.

एक निवृत्त नळदुरुस्तीवाले भेटले. साठीचे, एकटेच चालताहेत. पिशवीत अजून पाना आहे, सवय म्हणून. थोडा वेळ आमच्या मागे होते, मग ताईच्या बाजूने चालू लागले आणि तिला सांगू लागले, "ताई, पुढे मूळ आलंय, वीतभर वर." "आता खडी सैल आहे, उजवीकडे." ताई आपली "हं, हं" करत होती.

मला राहवेना. "अहो काका, आमची ताई चाळीस मीटर कापडात तुटका धागा पकडायची. तिला मूळ काय दाखवता?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. भिंत एकीकडे ओली असते आणि गळती दुसरीकडे, तेव्हा ही माणसं ओल्या भिंतीकडे बघतात, तसं. पुढच्या वळणावर ते पाणी प्यायला मागे थांबले.

दुपारी दोन, दगडांच्या खाणीपाशी

चुकलो. साडेतीन किलोमीटर जाऊन साडेतीन परत आलो. बावीसचे एकोणतीस झाले.

घडलं ते असं. खाणीपाशी फाटा होता. मी त्या सुमारास वार्तापत्राच्या पहिल्या वाक्यात गुंतलो होतो. वाक्य उत्तम जमत होतं, नुसतं क्रियापद बसत नव्हतं. पायांनी आपलं रुंद रस्ता धरला. वाक्य पूर्ण झालं तेव्हा लक्षात आलं, बराच वेळ पांढरा पट्टा दिसलेला नाही. तेवढ्यात मागून शिट्टी. नळवाले धापा टाकत येत होते. त्यांनी खाणीपासून आम्हाला चुकीकडे जाताना पाहिलं आणि सबंध अंतर पाठलाग केला. उगाच त्यांचेही सात किलोमीटर वाढले.

मला स्वतःचा राग आला होता. तो मी ताईवर काढला.

"तू होतीस ना मागे? फाट्यावरच्या दगडावर दोन पट्टे आहेत, चुना ओतल्यासारखे! आंधळ्यालाही दिसले असते!"

ताई पाणी पीत होती. झाकण लावायला तिला जरा वेळ लागला.

"मी दगडाकडे नव्हते बघत," ती म्हणाली. "तुझ्या पाठीकडे बघत होते."

"माझ्या पाठीवर काय आहे बघण्यासारखं?"

"फडकं."

नळवाले मला म्हणाले, "साहेब, पुढे तुम्ही होता ना? मग खुणा तुम्ही बघायच्या." आणि ताईला, अगदी वेगळ्या आवाजात, "चला ताई. उतारावर मी बाजूला आहे."

ताई मला ओरडली नाही. हे लिहून ठेवणं भाग आहे, कारण ते मला काट्यासारखं टोचतंय. पन्नास वर्षांत माझ्या एकाही चुकीवर ती गप्प बसलेली नाही. ओरडली असती तर जेवण गेलं असतं मला.

दुपारी पावणेपाच, ओढ्यापलीकडे

ओढा फार मोठा नाही. ओळीने मोठाले दगड टाकलेत, त्यांच्यावरून पलीकडे जायचं. पाणी मांडीभर, पण ओढ घेणारं, आणि आवाज मोठा. ऊन तिरपं झालं होतं, पाण्यावर नुसती चकाकी. काठाशी ताई थांबली. आज दिवसभरात ती आपणहून थांबली ती इथेच.

"दगड किती?"

"अकरा."

"सारख्या अंतरावर?"

"सहाव्यानंतर जरा लांब टांग. का गं?"

"तू आधी जा. पलीकडे माझ्याकडे पाठ करून उभा राहा. आणि बोलत राहा."

"काय बोलू?"

"ते तुझं संस्कृत म्हण."

मला कानांवर विश्वास बसेना. पलीकडे पोचलो, पाठ केली आणि पाण्याच्या आवाजावर आवाज चढवून शब्द चालवायला सुरुवात केली, देवः देवौ देवाः, शाळेत चालवायचो तसा, ताल धरून. नळवाले तिच्यामागे दोन हातांवर होते. पंचमीला जरा थांबलो तर ताई मधूनच ओरडली, "थांबू नकोस!" षष्ठीला ती माझ्या शेजारी उभी होती. चेहरा घामाने निथळत होता. तिने माझ्या पिशवीवरचं फडकं मुठीत धरलं आणि थोडा वेळ सोडलंच नाही.

संस्कृताची गोडी माणसाला कुठल्याही वयात लागू शकते. समाधान वाटायला हवं होतं. वाटत नाही. आत काहीतरी सारखं खुटखुटतंय आणि ते टाचेतलं नाही.

संध्याकाळी साडेसहा, मुक्कामाचा पथिकाश्रम

डाव्या टाचेला दोन फोड, उजव्या अंगठ्याला एक. गुडघ्याने संबंध तोडले आहेत. जिना बसून चढलो. इथल्या व्यवस्थापक बाईंनी सहज सांगितलं की सकाळी सातला खाली स्टेशनाकडे जाणारी बस दारातूनच सुटते. हे त्या प्रत्येकाला सांगत असाव्यात. निर्णय झाला.

ताईला सांगितलं. "एक दिवस केला, अनुभव घेतला, पुरे. हे आपलं काम नव्हे. सकाळच्या बसने परत जाऊ."

ताई बाकावर बसून बोटांनी आजचा ठसा चाचपत होती.

"तू जा," ती म्हणाली.

"आणि तू?"

"मी चालणार."

"एकटी? तेहेतीस दिवस? कशासाठी ताई? कोणाला काय दाखवायचंय?"

"एकतीस वर्षं मी एका जागी उभी होते," ताई म्हणाली. "कापड माझ्यासमोरून चालत गेलं. मैलोन्‌मैल. आता मी चालणार. कोणाला दाखवायचं नाहीये रे काही."

मी बायकोचा निरोप आठवून म्हणालो की तुला एकटीला सोडून मी जाऊ शकत नाही. म्हणजे तू चल.

"एकटी कुठे? हे आहेत ना." कोपऱ्यात नळवाले गरम पाण्याच्या घमेल्यात पाय सोडून बसले होते. "जाण्याआधी तेवढं ते फडकं यांच्या पिशवीला बांधून जा."

हे मला लागलं. पहाटेपासून ते हास्यास्पद फडकं पाठीवर घेऊन मी डोंगर चढलो, लोक हसले, आणि आता ते उचलून तिऱ्हाइताच्या पाठीवर? भावाची बदली इतक्या सहज होते? हे लिहीत असताना ती समोरच बसली आहे. माझ्या कानापलीकडे बघते आहे. हसतेही आहे थोडीशी.

बुधवार, ता. २०. सकाळी नऊ, पहिल्या विसाव्याच्या झाडाखाली

काल त्यापुढचं लिहायचं राहिलं.

वही मिटली तशी ताई म्हणाली, "दिवसभर काय खरडतोयस माझ्याबद्दल?"

"हे घे. वाच, आणि खोटं असेल तर सांग."

"तूच वाच. तुझं तुझ्या तोंडून बरं वाटतं."

खिडकीत अजून उजेड होता. मी पहिल्यापासून वाचायला घेतलं. तिला हसवायचं, म्हणजे भांडण मिटेल, हा हिशेब. उंच, रुंद, सावकाश, इथे ती हसली. साखरेच्या डब्यावर नळवालेसुद्धा हसले. निळ्या दोऱ्याच्या बटणावर ताई एकदम गप्प झाली. मी तिकडे लक्ष न देता पुढे गेलो. 'आज तिने चहा ओतला तो कपाच्या आत बोट अडकवून.' व्यवस्थापक बाईंनी नुकतीच किटली आणून ठेवली होती. वाचता वाचता मी वर पाहिलं. ताई स्वतःसाठी चहा ओतत होती. तर्जनी कपाच्या काठावरून आत, पेरापर्यंत. चहा पेराला लागला, किटली थांबली. एक थेंब बाहेर नाही.

मी पुढचं वाक्य सुरू केलं. बोलताना ती माझ्या तोंडाकडे बघत नाही. तेवढं वाचलं आणि मला पुढचे शब्द उच्चारता येईनात. वहीत ते माझ्याच अक्षरात होते, अगदी स्पष्ट.

"थांबलास का?" ताई म्हणाली. "वाच की. माझा फटका वगैरे चांगलं लिहिलंयस."

"ताई, कधीपासून?"

"आत्ता आलं होय लक्षात? आणि म्हणे वार्ताहराची नजर!"

"मला पहिल्या मुळापाशी कळलं," कोपऱ्यातून नळवाले म्हणाले आणि घमेलं उचलून सभ्यपणे बाहेर निघून गेले.

तीन वर्षं झाली. आधी तिच्याकडून एक धागा सुटला, मग दोन. एके दिवशी हातभर फाटलेलं कापड तिच्यासमोरून सरकत गेलं आणि खडू तिच्या हातातच राहिला. दुसऱ्या दिवशी तिने राजीनामा दिला. डॉक्टर म्हणतात, मध्य जातो, काठ राहतात. समोरचं पुसलेलं, कडेचं दिसतं. "तुझं तोंड बघायचं तर तुझ्या कानाकडे बघावं लागतं मला," ताई म्हणाली. "तोंडाकडे बघितलं की तोंड नसतंच."

"हिला माहीत होतं?" मी बायकोबद्दल विचारलं.

"पहिल्या दिवसापासून."

"मग मलाच का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तू माझा हात धरला असतास. चौतीस दिवस. मला हाताला धरून न्यायला कोणी नको होतं, पुढे चालायला हवं होतं." मग कप बाजूला ठेवून म्हणाली, "आणि वाटलं होतं, तुझं तुला दिसेल."

'आंधळ्यालाही दिसले असते' हे दुपारचं पान मी तिला वाचून दाखवलं नाही. तिने ते खाणीपाशी ऐकलंच होतं.

सकाळी सात वाजता बसने दारात दोनदा भोंगा वाजवला. मी खाटेवर बसून टाचेला पट्टी लावत होतो. व्यवस्थापक बाईंनी डोकावून पाहिलं, माझे बूट पाहिले आणि ड्रायव्हरला जायची खूण केली. नळवाले आधीच पुढे गेले होते. जाताना ताईला सांगून गेले म्हणे, "आता तुमचं माणूस बघेल."

अंगणात मी फडकं सोडून पुन्हा बांधलं, नीट पसरून.

"जरा डावीकडे घे," मागून ताई म्हणाली. "तिकडून बरं दिसतं."

डावीकडे घेतलं. निघालो. फाटकाबाहेरच पहिला दगड आला.

"उजव्या हाताला दगड!" मी ओरडलो. "एक पट्टा!"

"ओरडतोस काय? बहिरी नाही झाले अजून."

तासाभरात चौदा खुणा झाल्या. टाच ठणकते आहे. गुडघा बोलायला लागलाय, पण चांगलं काही बोलत नाही. तेहेतीस दिवस निभावतील की नाही, मला ठाऊक नाही. संपादकांना परवापर्यंत वार्तापत्र पाठवायचं आहे आणि कालचं ते पहिलं वाक्य, इतकं जमलेलं, साफ विसरलो. नवीन सुचलेलं नाही. मला वाक्यं चालताना सुचतात, आणि चालताना आता मी दगड बघतो.